गढूळ व पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात मरळीसाठी आमिषाची निवड

पावसाळ्यात गावतलावात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडावी आणि वर्ष सरताना जाळे ओढले असता त्यांतील मूठभरच हाती लागावी, असा अनुभव अनेक गावांतील मच्छीमार संस्थांना व शेततळी बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना येतो. बीज निकृष्ट होते, चोरी झाली, पाणी बाधले अशी कारणे मग सांगितली जातात व ती कधी कधी खरीही असतात. परंतु ज्या तलावाच्या कडेला पाणकणीस माजले आहे, पाण्यावर जलपर्णीचे वा कमळाचे आच्छादन आहे आणि तळाची माती ढवळून पाणी सदैव गढूळ राहते, त्या तलावात चोर बहुधा पाण्यातच दडलेला असतो. तो चोर म्हणजे मरळ होय.

मरळ हा मांसाहारी मासा आहे. लहान मासे, बेडूक, झिंगे, किडे यांवर तिची उपजीविका चालते. दोन-तीन इंच लांबीची बोटुकली म्हणजे तिला घरपोच मिळालेली मेजवानीच ठरते. दुसरीकडे, हीच मरळ बाजारात जिवंत विकली असता कार्प जातीच्या माशांहून चढा भाव मिळवून देते. तेव्हा बीज सोडण्यापूर्वी तलावातील मोठ्या मरळी गळाने काढल्या, तर बीजाचा शत्रू कमी होतो व पदरात चार पैसेही पडतात. मात्र अशा पाण्यात कोणते आमिष वापरावे याचे शास्त्र ठाऊक नसेल, तर दिवसभर गळ टाकूनही हाती गवताचे भारेच येतात. हे शास्त्र कठीण नाही. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

मरळीच्या सवयी

मरळीचे शरीर लांबट व दंडगोलाकार असून डोके सापाच्या डोक्यासारखे चपटे असते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्यासाठी एक जादा पोकळी असते. मरळ ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेते. ही हवा घेणे तिच्या दृष्टीने ऐच्छिक नव्हे. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यातही गुदमरून मरते. याच कारणामुळे सडक्या वनस्पतींनी प्राणवायू घटलेल्या, इतर माशांना जीवघेण्या ठरणाऱ्या पाण्यात ती सुखाने राहू शकते. तलाव आटला तर ती ओल्या चिखलात शिरून तग धरते, आणि ओल्या गवतातून सरपटत जवळच्या डबक्यात गेल्याचीही उदाहरणे आहेत.

ती भक्ष्याचा पाठलाग करीत दूरवर पोहत नाही. गवताच्या आडोशाला स्थिर राहून जवळून जाणाऱ्या जिवावर ती झडप घालते. म्हणून मोकळ्या पाण्यात तिला शोधणे व्यर्थ होय. तिचा मुक्काम पाणकणसाच्या कडेला, कमळाच्या पानांखाली, जलपर्णीच्या काठाशी आणि पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांखाली असतो.

जाळे व विष यांच्या मर्यादा

गवताळ तलावात ओढजाळे वनस्पतींवरून घसरते व तिच्या गुंत्यात फाटते. जेथे ते तळाला टेकते तेथेही मरळ जाळ्याच्या खालच्या दोराखालून चिखलात शिरून निसटते. लहान शेततळ्यात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड घालण्याची शिफारस आहे. एक मीटर पाणी असलेल्या एक हेक्टर क्षेत्रास सुमारे 2500 किलो पेंड लागते व तिचा विषारी परिणाम ओसरण्यास दोन ते तीन आठवडे द्यावे लागतात. पुढे तिचे खत होते, हा तिचा गुण आहे. परंतु भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांसारख्या मोठ्या पाण्यात, जेथे धानाला पाणी जाते व गुरे पाणी पितात, तेथे हा उपाय परवडत नाही आणि योग्यही नाही.

कीटकनाशक ओतून मासे मारण्याचा मार्ग कोणीही स्वीकारू नये. असे मासे खाण्यास अपायकारक असतात, तलावातील सारे जीवन नष्ट होते, आणि पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणून मोठ्या गवताळ तलावात गळ हेच सोयीचे व निर्धोक साधन ठरते.

गढूळ पाण्यात मासा भक्ष्य कसे ओळखतो

स्वच्छ पाण्यात शिकारी मासा मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो. गढूळ पाण्यात प्रकाश मातीच्या कणांवर आदळून विखुरतो व थोड्याच अंतरावरील वस्तूही दिसेनाशी होते. तेथे माशाला दुसऱ्या एका इंद्रियाचा आधार असतो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांची एक रेघ दिसते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. या रेषेवरील सूक्ष्म छिद्रांच्या आत असलेल्या संवेदनशील पेशींना पाण्याची बारीकशी हालचालही जाणवते. बेडकाने पाय मारला वा लहान मासा फडफडला, की त्याने उठवलेली लाट या रेषेवर आदळते व भक्ष्य कोणत्या बाजूस आहे याचा अंदाज माशाला येतो. मात्र ही जाणीव जवळच्या अंतरापुरतीच, माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पटींइतकीच तीक्ष्ण असते. थोडे दूरवरचे आवाज मासा कानाने ऐकतो.

यावरून आमिष निवडण्याचे चार नियम निघतात. आमिषाने पाणी हलवले पाहिजे. ते सावकाश चालले पाहिजे, म्हणजे माशाला ते शोधून गाठण्यास वेळ मिळेल. त्याची आकृती भोवतालच्या पाण्यात उठून दिसली पाहिजे. आणि ते गवतात अडकता कामा नये. दुकानात टांगलेली चकचकीत रंगीत आमिषे गिऱ्हाइकाच्या डोळ्याला मोहवतात. पण विकत घेणारा माणूस ते आमिष गिळणार नसतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रथम पाण्याची पारख

आमिष निवडण्यापूर्वी पाणी पाहावे. 20 सेंटिमीटर व्यासाची काळे-पांढरे पाव भाग असलेली तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता तबकडीने मोजली व तिला त्यांचे नाव मिळाले. गावात तबकडी नसेल तर काठीला आडवी बांधलेली पांढरी थाळीही चालते. थाळी 20 सेंटिमीटरच्या आत नाहीशी झाली तर पाणी फार गढूळ समजावे. 20 ते 40 सेंटिमीटरपर्यंत दिसली तर मध्यम, आणि त्याहून खोल दिसत असेल तर पाणी निवळ समजावे. काहीच साधन नसल्यास हात सरळ पाण्यात घालावा. कोपर बुडण्यापूर्वीच तळहात दिसेनासा झाला तर पुढील सर्व सूचना त्या तलावास लागू आहेत.

नंतर वनस्पतींचा प्रकार पाहावा. जलपर्णी व कमळ यांची पाने पाण्यावर पसरलेली असतात. हायड्रिलासारख्या वनस्पती पाण्याखाली वाढतात व पृष्ठभागाखाली थोडे मोकळे पाणी सोडतात. पाणकणीस व बेशरम कडेला उभे असतात. या तिन्ही ठिकाणी एकच आमिष चालत नाही.

आमिषाचे प्रकार

गवताळ पाण्यातील शिकारी मासा कृत्रिम आमिषाने धरण्याचा अभ्यास सर्वाधिक अमेरिकेत झालेला आहे. तेथील मोठ्या तोंडाचा बास हा मासा मरळीप्रमाणेच गवताच्या आडोशाने शिकार करतो. विशेष म्हणजे तेथे हा शिकारी मासा शेततळ्यात मुद्दाम सोडतात. अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल व ई. व्ही. स्मिथ यांनी 1930 नंतरच्या दशकांत शेततळ्यांचा अभ्यास करून ब्लूगिल नावाच्या छोट्या माशाबरोबर बास ठेवण्याची पद्धत घालून दिली. ब्लूगिलची संख्या अतोनात वाढून सारेच मासे खुरटू नयेत, म्हणून बासचा अंकुश तेथे हवा असतो. आपल्या कार्प माशांची सामान्यतः साचलेल्या तळ्यात वीण होत नाही. सोडलेले प्रत्येक बोटुकले विकत घेतलेले असते. म्हणून आपल्याकडे शिकारी माशाचा अंकुश हा तोट्याचाच सौदा होय. तथापि बाससाठी तयार झालेली आमिषे मरळीलाही उत्तम लागू पडतात.

पहिला प्रकार बेडकाचा. जलपर्णी व कमळाच्या पानांवरून ओढण्यासाठी मऊ रबराचा पोकळ बेडूक हे सर्वांत योग्य आमिष आहे. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर तोंड करून बसवलेले असतात. पानांवरून सरकताना ते अडकत नाहीत. माशाने तोंडात दाबताच पोकळ अंग चेपते व गळ उघडे पडतात. मरळ हवा घेण्यासाठी वारंवार वर येत असल्यामुळे पृष्ठभागावरचे हे आमिष तिच्या बाबतीत विशेष उपयोगी ठरते. काही ठिकाणी जिवंत बेडूक गळाला टोचण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. बेडूक शेतातील किडी खाऊन पिकाचे रक्षण करतो. त्याच्या पायांचा परदेशी व्यापार याच विचाराने आपल्या देशाने 1987 मध्ये बंद केला. शेताच्या राखणदाराचा बळी देऊन तलावाचे रक्षण करण्यात शहाणपण नाही.

दुसरा प्रकार चमच्याचा. बाकदार धातूची पट्टी ओढली असता डावी-उजवीकडे डुलते व पाण्यात ठोके उमटवते. तिच्या गळापुढे लवचीक तारेचे संरक्षण असलेला चमचा विरळ पाणकणसातून व हायड्रिलाच्या शेंड्यांवरून नेता येतो. गढूळ पाण्यात त्याची चमक फारशी उपयोगी नसते. त्याचे डुलणेच मासा ओळखतो. म्हणून रुंद व मंद गतीतही डुलणारा चमचा निवडावा.

तिसरा प्रकार फिरत्या पात्याचा. यात गळापुढे एक पाते दोऱ्याच्या ओढीने गरगरते. गोल पाते सावकाश फिरते पण पाण्याला जोराचा हादरा देते. निमुळते पाते वेगाने फिरते, चमकते, मात्र हादरा कमी देते. तेव्हा गढूळ पाण्यात गोल पाते घ्यावे. ते दाट गवतात गुंतते, म्हणून गवताच्या कडेकडेने किंवा दोन ताटव्यांमधील मोकळ्या पट्ट्यांतूनच ओढावे.

चौथा प्रकार मऊ अळीचा. लांब मऊ अळीच्या अंगात गळाचे टोक लपवून पुढे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते शिसे ओवतात. हायड्रिलाच्या गर्दीत जी छिद्रे असतात त्यांतून हे आमिष सरळ खाली सोडता येते. उथळ तलावात शिसे हलके असावे, नाहीतर अळी चिखलात रुतून बसते. शिसे विषारी असल्याने ते दातांनी दाबू नये व मुलांच्या हाती देऊ नये.

रंग व आकार

फार गढूळ पाण्यात रंगांची बारीक निवड करीत बसू नये. पृष्ठभागावरील आमिष मासा खालून, आकाशाच्या उजेडावर पाहतो. तेथे काळ्या रंगाची आकृती सर्वांत ठळक दिसते. सकाळ-संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडातही काळाच रंग श्रेष्ठ. पाण्याखाली चालणाऱ्या आमिषाला काळ्यासोबत पिवळा वा पांढरा पट्टा असल्यास विरोधामुळे ते उठून दिसते. मातकट व पारदर्शक रंगाची आमिषे अशा पाण्यात नाहीशी होतात. आकाराने आमिष थोडे मोठे, सहा ते आठ सेंटिमीटरचे घ्यावे. मोठे आमिष अधिक पाणी हलवते, आणि लहान मासे गळाला न लागता मोठी मरळच लागण्याचा संभव वाढतो.

घरी तयार करता येणारा बेडूक

विकतचे आमिष मिळत नसेल तर जुन्या हवाई चपलेच्या तळव्यापासून उपयुक्त बेडूक बनवता येतो. तळव्याचा सहा सेंटिमीटर लांब व अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा कापून त्याचे पुढचे टोक होडीच्या नाळेसारखे निमुळते करावे. पाठीवर मधोमध उथळ खाच पाडून त्यात जोडगळ असा बसवावा की त्याची टोके वर राहतील, परंतु खाचेच्या काठाबाहेर जेमतेम डोकावतील. गळाची कडी नाळेतून पुढे काढावी व मजबूत दोऱ्याने गळ तुकड्याला आवळून बांधावा. मागील बाजूस सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या पायांसारख्या लोंबत्या ठेवाव्यात. ओढताना त्या थरथरतात व पाणी हलवतात. आमिष पाण्यात उलटे होऊ नये म्हणून पोटाखाली लोखंडी तारेचे दोन-तीन वेढे द्यावेत. घमेल्यात पाणी घेऊन ते सरळ तरंगते की नाही हे आधी पाहावे.

चमच्याच्या गळाला संरक्षण करण्यासाठी पातळ, लवचीक पोलादी तारेचे एक टोक गळाच्या मुळाशी बांधून दुसरे टोक गळाच्या टोकापुढे आणावे. अंगठ्याने हलके दाबताच तार खाली गेली पाहिजे; ती ताठ असेल तर माशाच्या तोंडातही गळ शिरणार नाही. परीक्षेसाठी ओल्या गवताचा ढीग काठावर पसरून त्यावरून आमिष दहा वेळा ओढावे. ते वारंवार अडकत असेल तर तार पुन्हा वाकवून नीट करावी.

दोर, काठी व टाकण्याची रीत

गवतात मासा लागला की तो लगेच मुळांत शिरतो. तेथे बारीक तंगूस ताणतो व तुटतो. म्हणून 15 ते 20 किलो ताण सोसणारा विणलेला दोर व न वाकणारी आखूड दणकट काठी वापरावी. विणलेला दोर ताणला जात नाही व गवताच्या देठांना कापत पुढे येतो.

काठावर शांतपणे उभे राहून प्रथम मरळ कोठे हवा घेते ते पाहावे. पाण्यावर हलकीशी उसळी व बुडबुडा दिसला की तेथे नेमके आमिष टाकू नये, मासा बिचकतो. त्या जागेच्या पलीकडे दोन-तीन मीटरवर टाकून सावकाश त्या जागेवर आणावे, मध्येच थांबवावे, पुन्हा चालवावे. एकाच रेषेत तीन-चार वेळा ओढल्याशिवाय जागा सोडू नये, कारण गढूळ पाण्यात पहिल्या खेपेस माशाला आमिषाचा सुगावा लागतोच असे नाही. मरळीने झडप घातली की ताबडतोब हिसका देण्याचा मोह आवरावा. आमिष तोंडात गेल्याचे वजन हाताला जाणवले की मगच जोराने ओढावे व माशाचे डोके वर ठेवून त्याला गवतावरून काठाशी आणावे. मरळीचे दात तीक्ष्ण असतात. गळ बोटांनी न काढता पकडीने काढावा.

रात्री गळ लावून ठेवण्याची पद्धत असेल तेथे दोर इतका सैल ठेवावा, की लागलेल्या मरळीला पृष्ठभागापर्यंत येता यावे. आखूड दोराने ती खाली अडकली तर गुदमरून मरते व जिवंत माशाचा भाव हातचा जातो. दाट वनस्पतींत स्वतः उतरू नये. तुटलेला तंगूस व गळ काठावर टाकून देऊ नयेत. पक्ष्यांच्या व गुरांच्या पायांत ते अडकतात.

योग्य हंगाम

या कामास चैत्र ते ज्येष्ठ हा काळ उत्तम. पाणी आटून मरळी थोड्या जागेत गोळा होतात, आणि पावसाळ्यात बीज सोडण्यापूर्वी तलाव बराचसा मोकळा होतो. पावसाळ्यात मरळीची वीण होते. तेव्हा नर-मादी गवतात घरटे करून अंडी घालतात व नारिंगी रंगाच्या पिलांच्या थव्याचे रक्षण करतात. अशा वेळी ते समोर येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर धावून जातात, त्यामुळे त्यांना पकडणे फार सोपे असते. नदीत व नैसर्गिक जलाशयांत या काळात त्यांना हात लावू नये. पालक गेले की पिलांचा फन्ना उडतो व मरळीचा वंश खुंटतो. बीज सोडलेल्या कार्पच्या तलावात मात्र पिलांचा थवा बारीक जाळीच्या झोळीने उचलून वेगळ्या खड्ड्यात वाढवावा. त्यातून स्वतंत्र मरळपालनाचा जोडधंदाही उभा राहू शकतो.

गळाची मर्यादाही कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना स्पष्ट सांगावी. गळाने मोठ्या मरळी निघतात, लहान राहतात. म्हणून त्याबरोबर जलपर्णी व पाणकणीस काढून शिकाऱ्याचा आडोसा कमी करावा आणि 80 ते 100 मिलिमीटरहून मोठी बोटुकलीच सोडावीत. तलावाचा मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी घेतल्याखेरीज कोणीही गळ टाकू नये. शक्य तेथे हे काम संस्थेच्या सभासदांनीच दोन-तीन आठवडे सलग करावे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

1. आमिष निवडण्यापूर्वी पाण्याचा गढूळपणा व वनस्पतींचा प्रकार पाहावा.
2. पाने पसरलेल्या जागी बेडूक, विरळ गवतात तारेचा चमचा, मोकळ्या पट्ट्यांत गोल पाते, पाण्याखालील गवताच्या छिद्रांत मऊ अळी वापरावी.
3. रंग काळा, चाल सावकाश, दोर दणकट असावा.
4. जिवंत बेडूक आमिष म्हणून वापरू नये; पाण्यात विष कालवू नये.
5. काम उन्हाळ्यात पुरे करून मगच मोठी बोटुकली सोडावीत.

तलावातील पाणी दिसत नसले तरी त्यातील हालचालीला नियम आहेत. ते समजून घेऊन या उन्हाळ्यात एका तलावापासून सुरुवात करावी. किती मरळी निघाल्या व पुढील वर्षी किती मासे हाती आले, याची नोंद संस्थेच्या वहीत ठेवावी. दोन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की त्या तलावात हा खटाटोप फायद्याचा आहे की नाही, हे गावाला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.